तुमच्या मण्यांची कुरडई झाली आहे

प्रश्न सोलापुरातल्याच एका एम. फार्म.च्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: डाळिंबाच्या सालीतून काढलेलं पेक्टिन आणि विकतचं सोडियम अल्जिनेट (दोन्ही जेल धरणारे पॉलिमर) मिसळून ३ टक्क्यांचं द्रावण केलं. त्यात आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाची बारीक पूड घोटली, सुईतून थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले, मणी झाले. मग एका शोधनिबंधात (पेपरात) होतं म्हणून मणी ३० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमधून (इथेनॉलमधून) फिरवले आणि कॉलेजच्या फ्रीझ ड्रायरमध्ये रात्रभर सुकवले. ओले मणी ३ मिलिमीटरचे होते, सुकल्यावर १ मिलिमीटरचे, पिवळसर आणि टणक झाले. बीईटी पृष्ठफळ (वायू शोषवून मोजलेलं, आतल्या छिद्रांसकटचं) ग्रॅमला ४ चौरस मीटर आलं, पेपरात ४०० च्या आसपास आहे. टाकलेल्या औषधाचा दहावा हिस्साही मण्यांत सापडत नाही. सर म्हणतात पॉलिमर बदला, काइटोसान घ्या. बदलू का?

नका बदलू. निदान इतक्यात नको. काइटोसान घेऊन हेच सगळं पुन्हा केलंत तर आकडे थोडेफार इकडेतिकडे होतील, पण मणी असेच खड्यासारखे होतील. मी बावीस वर्षं फॉर्म्युलेशनमध्ये काढली आहेत, आधी मुंबईत, आता सोलापुरात, आणि मध्ये काही वर्षं अल्जिनेटच्या एअरोजेलवरच (आतला द्रव काढूनही छिद्रं शाबूत राहिलेल्या जेलवर) हात बसवला. तुमचं वर्णन वाचून मला आमच्या पहिल्या बॅचेस डोळ्यांसमोर आल्या.

तुम्ही विचारलंय पॉलिमरबद्दल, पण तुमच्या तक्रारी दोन आहेत, छिद्रं मिटली आणि औषध गेलं. दोन्हींचं मूळ एकाच बाटलीत आहे, अल्कोहोलच्या.

जेल सुकवण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. पहिलीत जेलमधलं पाणी पायरीपायरीने काढून तिथे अल्कोहोल आणायचं आणि मग ते अल्कोहोल सुपरक्रिटिकल (दाब आणि तापमानाने द्रव-वायू या भेदापलीकडे नेलेल्या) कार्बन डायऑक्साइडने धुऊन न्यायचं. दुसरीत जेलमधलं पाणी गोठवायचं आणि निर्वातात बर्फाची सरळ वाफ करायची, हे फ्रीझ ड्रायरचं काम. तुम्ही पहिल्या रीतीचा पूर्वार्ध घेतलात आणि दुसरीचा उत्तरार्ध. साखरपुडा एका घरी आणि वरात दुसऱ्याच्या दारात. अल्कोहोल गोठतं उणे ११४ अंशांना. कॉलेजच्या फ्रीझ ड्रायरचा कंडेन्सर उणे ५० ला जातो, फार तर उणे ८० ला. म्हणजे तुमच्या मण्यांत काहीही गोठलं नव्हतं. निर्वात लागल्यावर द्रव अल्कोहोल द्रवाच्याच रूपात उडून गेलं. थोडक्यात, तुम्ही मणी थंडीत वाळत घातलेत. (जाता जाता: अल्कोहोलची वाफ व्हॅक्यूम पंपाच्या तेलात जाते. लॅब असिस्टंटना सांगून तेल बदलून घ्या, नाहीतर पुढच्या विद्यार्थ्याच्या बॅचला निर्वातच धरणार नाही आणि नाव तुमचं निघेल.)

द्रव उडताना बिघडतं काय? मे महिन्यात गच्चीवर घातलेली कुरडई आठवा. सोऱ्यातून पाडली तेव्हा चीक पांढरा, जाड, थलथलीत असतो. दोन दिवसांच्या उन्हात तीच कुरडई तारेसारखी बारीक, अर्धपारदर्शक आणि काचेसारखी कडक होते. चीक म्हणजे स्टार्चचं जेल. त्यातलं पाणी गेलं, आणि पाणी जिथे होतं ती जागाही गेली. आमच्या भाषेत कुरडई हे स्टार्चचं झेरोजेल, म्हणजे द्रव उडून आक्रसलेलं जेल आहे. तुमचा मणी ३ मिलिमीटरवरून १ वर आला म्हणजे घनफळ सत्तावीस पटींनी घटलं, मूळच्या जेमतेम ३.७ टक्के उरलं. द्रावण तुम्ही ३ टक्क्यांचं घेतलं होतं. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून बघा. जवळजवळ नुसतं पॉलिमर उरलंय, मधली मोकळी जागा संपली आहे. बीईटी करायला पाठवण्याआधी साधी मोजपट्टी लावली असती तरी हे कळलं असतं, पैसेही वाचले असते.

जागा मिटते ती पृष्ठताणामुळे. बारीक छिद्रात द्रवाचा पृष्ठभाग वक्र होतो आणि छिद्राच्या भिंती आत ओढतो. ही ओढ किती, याचं गणित सोपं आहे: पृष्ठताण दुप्पट करायचा आणि छिद्राच्या त्रिज्येने भागायचं. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाणी असेल तर ही ओढ येते सुमारे १४४ बार. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिस्स्याहून कमी, तरी ओढ ४४ बारच्या घरात जाते. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते सात-आठ बार. इतका जोर भिजलेल्या, लवचीक पॉलिमरच्या धाग्यांना सोसणार कसा? ते एकमेकांवर कोसळतात, चिकटतात, आणि एकदा चिकटले की पुन्हा सुटत नाहीत. पॉलिमर कुठलाही असो, हे गणित तेच राहतं.

म्हणून एअरोजेलची सगळी कला द्रवाची ओली कड जेलमधून फिरू न देण्यात आहे. सॅम्युअल किस्लर यांनी १९३१ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं. लोकांना त्यांचं सिलिकाचं एअरोजेल आठवतं, पण त्याच सुरुवातीच्या यादीत जिलेटिन आणि अगर होते. अगर म्हणजे आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं तेच, अल्जिनेट-पेक्टिनसारखं पॉलिसॅकराइडच (साखरेच्या रेणूंची लांब साखळी). त्यामुळे 'पॉलिसॅकराइड एअरोजेल हे अगदी नवीन क्षेत्र आहे' हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहू नका. औषधवाहक म्हणून त्यांचा अभ्यास अलीकडचा, हे मात्र बरोबर. आणखी एक चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतं: एरोसिल म्हणजे एअरोजेल नव्हे. गोळ्यांची पूड वाहती राहावी म्हणून आपण घालतो ते एरोसिल ज्वाळेत तयार केलेलं सिलिका आहे. नाव जवळचं, घराणं वेगळं.

आता कार्बन डायऑक्साइडच का? त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि ७३.८ बार. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही, म्हणून पृष्ठताणही राहत नाही. ओढायला कडच नाही. अल्कोहोलला स्वतःला त्या अवस्थेत न्यायचं तर २४० अंशांच्या वर जावं लागेल, तिथे पेक्टिन करपून जाईल. पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. ४० अंश आणि १०० ते १२० बार ही माझ्या हाताखालची नेहमीची जागा. तिथे अल्कोहोल कार्बन डायऑक्साइडमध्ये पूर्ण मिसळतं. पाणी मात्र नगण्य मिसळतं, आणि अल्कोहोलच्या पायऱ्या असतात त्या यासाठी. शेवटच्या अल्कोहोलमध्ये थोडं पाणी राहिलं तरी ते मण्याच्या पोटात अडकतं आणि दाब सोडल्यावर स्वतःची कुरडई करतं. मणी बाहेरून पांढरा आणि मध्ये काचेचा ठिपका असा दिसला की समजावं, पाणी राहिलं होतं.

हे तपासायची गरिबाची युक्ती सांगते. निळं मोरचूद बशीत तापवून पांढरं करा, थंड करा आणि शेवटच्या धुण्यातलं थोडं अल्कोहोल त्यावर घाला. निळसर झाक आली तर अजून एक धुणं द्या. पायऱ्यांची घाईही करू नका. एकदम १०० टक्क्यांत टाकलेला मणी डोळ्यांदेखत आक्रसतो. ३०, ५०, ७०, ९०, मग १०० दोनदा, प्रत्येकात काही तास, शेवटचं रात्रभर. अल्कोहोलच्या परमिटवरून ऑफिसात कुरकुर होईल, होऊ द्या.

दाब सोडणं ही दुसरी जागा, जिथे हमखास घात होतो. मुंबईत असताना माझी पहिली चांगली चाललेली बॅच मी स्वतः घालवली. शुक्रवार होता, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून घरी यायचं होतं. तासाभरात हळूहळू सोडायचा दाब मी दहा मिनिटांत सोडला. व्हॉल्व्हवर पांढरं हिव साचलं, ते बघूनही मी बॅग भरत राहिले. भांडं आतून थंड होऊन ३१ अंशांच्या खाली गेलं, कार्बन डायऑक्साइड द्रव झाला, आणि जी कड टाळण्यासाठी तीन दिवस खर्च केले होते तीच पुन्हा तयार झाली. सोमवारी भांडं उघडलं तर निम्मे मणी तडकलेले, निम्मे आक्रसलेले. साहेब काही बोलले नाहीत. वहीत फक्त 'व्हेंटिंग: १० मिनिटं' याखाली लाल पेनाने रेघ ओढली. तेव्हापासून मी तापमान ४० वर धरून मिनिटाला एक-दोन बारपेक्षा वेगाने दाब सोडत नाही.

सोलापूरचा एक खास त्रासही सांगून ठेवते, कारण तो मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सिलिंडर बाहेर पत्र्याखाली ठेवला तर आतला कार्बन डायऑक्साइडच ३१ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. पंपाला तर द्रव हवा. मग विहीर आटल्यावर मोटर हवा धरते तसा पंप हवा धरतो, नुसता आवाज करतो आणि दाब चढत नाही. सिलिंडर थंड खोलीत हवा, तळातून द्रव देणाऱ्या नळीचा हवा, आणि पंपाचं डोकं चिलरने पाच अंशांच्या आसपास ठेवायला हवं. हे प्रयोग गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत उरकून घ्यावेत असं मी मुलांना अर्ध्या थट्टेने सांगते.

'पण मॅडम, आमच्याकडे हे यंत्रच नाही' असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, बहुतेक कॉलेजांत नसतं. इथून पुढे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, विशेषतः सबमिशनला किती महिने उरले त्यावर.

पाच-सहा महिने असतील तर पुण्या-मुंबईत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असलेल्या प्रयोगशाळेत चौकशी करा. मायक्रोस्कोपची नव्हे, क्रिटिकल पॉइंट ड्रायरची. कीटक, पेशी, परागकण यांचे नमुने न आक्रसता सुकवायला जीवशास्त्रवाले हे छोटं यंत्र वापरतात. तत्त्व तेच: अल्कोहोलमधले नमुने आत, थंड द्रव कार्बन डायऑक्साइडने अनेकदा धुणं, मग तापवून क्रांतिक बिंदू ओलांडणं, मग सावकाश दाब सोडणं. चेंबर लहान असतो, एका वेळी थोडेच मणी बसतात. पण बीईटी आणि रिलीज (मण्यातून औषध सुटण्याची चाचणी) यांपुरते मिलिग्रॅम त्यातून निघतात. मणी अल्कोहोलमध्ये काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीतच न्या. वाटेत एक मणी जरी कोरडा पडला तरी तो कामातून गेला.

एखादा महिनाच उरला असेल तर अल्कोहोल पूर्ण सोडा. पाण्यातलेच मणी आधी नीट गोठवा आणि मग फ्रीझ ड्रायरमध्ये घाला. आकार बराचसा टिकेल, मणी पांढरा आणि हलका होईल. पण बर्फाचे स्फटिक वाढताना भिंती ढकलतात आणि मोठमोठी भोकं पाडतात, त्यामुळे पृष्ठफळ शेकड्यांत जात नाही, दहा-वीस-पन्नासात राहतं. त्याला क्रायोजेल म्हणा. एअरोजेल म्हणू नका. बाहेरचा परीक्षक जाणकार निघाला तर व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल, आणि प्रामाणिक शीर्षकाला कोणी गुण कापत नाही. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे, टर्शरी ब्युटानॉल. ते २५ अंशांच्या आसपासच गोठतं, स्फटिक बारीक होतात, छिद्रं पुष्कळ बरी राहतात. आपल्याकडे थंडीत त्याची बाटली आपोआप दगड होते. पण ते शरीराच्या दृष्टीने अल्कोहोलइतकं निरुपद्रवी नाही. आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत इथेनॉल तिसऱ्या वर्गात, मर्यादा ५००० पीपीएम, आणि टर्शरी ब्युटानॉल दुसऱ्या वर्गात, मर्यादा ३५००. अवशेष मोजायची सोय असेल तरच त्या वाटेला जा.

आणि एक काम कृपा करून करू नका. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून 'छोटंसं प्रेशर व्हेसल' वेल्डिंग करून आणू नका. इथले कारागीर पॉवरलूमचा कुठलाही भाग हुबेहूब करून देतात, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण १०० बारचं भांडं हे प्रमाणित करून, चाचणी करून, सेफ्टी व्हॉल्व्हसकटच घ्यायचं असतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मला अशा भांड्याचा फोटो अभिमानाने दाखवला होता. झाकण चार बोल्टांवर होतं. मी त्याच्या घरी फोन केला.

आता औषधाकडे. आयबुप्रोफेन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं ते मण्यात शांत बसून राहील. कॅल्शियम क्लोराइडच्या भांड्यापर्यंत ते बसलंही असेल. पण पाण्यात साखर विरघळावी तसं ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. तुम्ही मणी धूत नव्हता, औषध धूत होता. थोडं तरी उरलं याचंच मला आश्चर्य वाटतंय.

औषधाला आत यायला तीन दारं असतात: जेल होण्याआधी द्रावणात, अल्कोहोलच्या पायरीवर, किंवा एअरोजेल सुकून तयार झाल्यावर. कुठलं दार उघडायचं हे औषध ठरवतं, तुम्ही नाही. जे अल्कोहोलमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्हींत विरघळत नाही, त्याला पहिलं दार. जखमेच्या पट्टीसाठी व्हॅन्कोमायसिन घेणारे याच दाराने जातात. मात्र ते पाण्यात विरघळतं, म्हणून कॅल्शियमच्या भांड्यात गळून जाऊ नये यासाठी मणी तिथे फार वेळ ठेवायचे नाहीत. जे अल्कोहोलमध्ये विरघळतं पण कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही, त्याला दुसरं दार: शेवटच्या धुण्यात औषध संपृक्त करून ठेवायचं, म्हणजे बाहेर जायला त्याला कारणच उरत नाही.

आयबुप्रोफेन दोन्हींत विरघळतं. त्याला तिसरंच दार योग्य. आधी कोरे मणी नीट सुकवा. मग त्याच भांड्यात मणी आणि औषध ठेवून ४० अंश, २०० बारच्या आसपास एक दिवस राहू द्या. कार्बन डायऑक्साइड औषध विरघळवून छिद्रांत नेतो आणि ते भिंतींवर बसतं. इथे एक बारकावा आहे. आयबुप्रोफेन एरवी ७५ ते ७८ अंशांना वितळतं, पण दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचा वितळणबिंदू बराच खाली उतरतो. पूड मण्यांवर शिंपडून ठेवलीत तर ती वितळून मण्यांना साखरेच्या पाकासारखी लेपते आणि तुम्हाला 'लोडिंग' भरघोस मिळतं, सगळं बाहेरून. औषध गाळणकागदाच्या पुडीत बांधून भांड्याच्या तळाशी ठेवा, मणी जाळीवर, दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. क्रिटिकल पॉइंट ड्रायरवर हे जमणार नाही, त्याचा दाब तेवढा चढत नाही. त्यामुळे तेच यंत्र वापरणार असाल तर औषध बदलण्याचा विचार करा. पॉलिमर नव्हे, औषध. सरांशी बोलायचं असेल तर या मुद्द्यावर बोला.

डाळिंबाबद्दल. मी सोलापूरची आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दारात आहे, सालीचं काहीतरी चांगलं व्हावं असं मलाही वाटतं. तरी म्हणते, पहिल्या सगळ्या बॅचेस नुसत्या अल्जिनेटच्या करा. सालीच्या पेक्टिनबरोबर दोन अज्ञात गोष्टी आत येतात. एक, त्यातल्या किती आम्लगटांवर मिथाइल बसलंय. निम्म्यापेक्षा जास्त असतील तर ते पेक्टिन कॅल्शियमला नीट धरत नाही, त्याला जॅमसारखी साखर आणि आंबटपणा लागतो. तुमचे मणी धरले ते बहुधा अल्जिनेटच्या जिवावर. टायट्रेशन करून हा आकडा काढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. दोन, टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य. मण्यांचा पिवळेपणा तिथून आला आहे. आयबुप्रोफेन तुम्ही यूव्हीवर २२१ ला मोजत असाल, तर टॅनिनही तिथे भरपूर शोषतं. कोऱ्या मण्यांचा ब्लँक घेतला नसेल तर मण्यांत सापडलं तेवढंसुद्धा औषधाचं की सालीचं हे सांगता येणार नाही. पेक्टिन अल्कोहोलने धूत राहा, धुणं बिनरंगी येईपर्यंत.

बीईटीला नमुना देताना फॉर्मवर डिगॅसिंगचं (मोजण्याआधी निर्वातात नमुना तापवून ओल आणि वायू काढण्याचं) तापमान स्वतः लिहा. कोरी जागा सोडलीत तर तिथला ऑपरेटर सवयीने १५० किंवा २०० लावतो, त्याच्याकडे दिवसभर झिओलाइट आणि कोळसा येतो. त्या तापमानाला पॉलिसॅकराइड तपकिरी पडतं, आणि आत आयबुप्रोफेन असेल तर ते वितळून छिद्रं बुजवतं. औषध भरलेल्या नमुन्याला ४० अंश आणि लांब निर्वात द्या, कोऱ्याला थोडं जास्त चालेल. नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलसोबत. झिपच्या पिशवीत नको. सोलापूरची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की मणी टेबलावर राहिले तरी फरक जाणवत नाही, आणि आपण निर्धास्त होतो. जुलैत तेच मणी चार दिवस उघडे राहिले तर हवेतली ओल छिद्रांत साचते आणि भिंती पुन्हा कोसळू लागतात. आम्ही आठवड्याला वजन करून ठेवायचो. वजन वाढलं की त्या बाटलीवर फुली.

रिलीजचं थोडक्यात, कारण तिथे तुम्ही अजून पोहोचलेला नाही. पृष्ठफळ मोठं म्हणजे औषध हळूहळू सुटेल, असं तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल तर खोडा. छिद्रांत अस्फटिक बसलेलं, कमी विरघळणारं औषध पाण्याला भेटलं की लवकर सुटतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या औषधासाठी एअरोजेल वापरण्यात मुख्य फायदा तोच आहे. ते अस्फटिक आहे हे डीएससी (वितळताना शोषलेली उष्णता मोजणं) आणि एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणं) दाखवा, आणि महिन्याभराने पुन्हा दाखवा. पीएच १.२ ला अल्जिनेट आक्रसून बसतं, ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये फुगून विरघळायला लागतं, कारण फॉस्फेट त्याचं कॅल्शियम पळवतो. त्या वेळी द्रावण गढूळ होतं. तो गढूळपणा कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि यूव्हीवर तो औषधासारखाच मिरवतो. मोजण्याआधी गाळून घ्या. १०० टक्क्यांच्या वर गेलेला रिलीज मी अनेक प्रबंधांत पाहिला आहे, आणि बहुतेक वेळा कारण हेच निघालं.

आता लगेच करायचं काम एकच. अल्कोहोलची धुणी टाकून दिली नसतील तर ९० आणि १०० टक्क्यांच्या बाटल्या शोधा. प्रत्येकीतले दहा मिलिलिटर वेगवेगळ्या वॉच ग्लासवर ओता, फ्यूम हूडमध्ये, जवळपास बर्नर नको. आपल्या हवेत तुमचा चहा होईतो बरंच उडालेलं असेल. काठाशी पांढऱ्या सुया दिसू लागतील, टॅनिनमुळे थोड्या मळकट. त्या खरवडून वितळणबिंदू घ्या. मळामुळे ७५ च्या थोडा खाली आला तरी चालेल. मग उरलेल्या धुण्याचं आकारमान धरून औषधाचा हिशेब मांडा, मण्यांतलं अधिक धुण्यातलं, आणि ती बेरीज घेऊन सरांकडे जा.